नमुना आणि माणूस : पक्षिसंग्राहकांचे गद्य व माणदेशी दृष्टी

मराठीत 'नमुना' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. धान्याच्या पोत्यातून मूठभर दाणे काढून व्यापाऱ्यापुढे ठेवले म्हणजे तो नमुना. आणि चावडीवर येऊन बसणाऱ्या एखाद्या विक्षिप्त गृहस्थाकडे पाहून लोक डोळे मिचकावतात तोही नमुनाच. पहिल्या अर्थी एक वस्तू आपल्या सर्व जातीच्या वतीने उभी राहते. दुसऱ्या अर्थी एक माणूस आपल्या जातीपासून वेगळा पडतो. शास्त्राला पहिल्या अर्थाशी कर्तव्य असते. ललितवाङ्मयाचे, विशेषतः व्यक्तिचित्राचे, काम या दोन अर्थांच्या मध्ये कोठे तरी चालते. उष्ण कटिबंधात ताप, हगवण, व्रण सोसत पक्ष्यांचे नमुने जमविणाऱ्या निसर्गशास्त्रज्ञांनी जे गद्य मागे ठेवले ते या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. मराठी समीक्षेने त्याची दखल घेतलेली नाही. ते प्रवासवर्णनात बसत नाही आणि शास्त्रीय म्हणून बाजूला ठेवावे इतके कोरडेही नाही. परंतु आटपाडी तालुक्यातील माडगुळ्याच्या एका लेखकाने मराठी गद्याला जे दिले त्याचा अर्थ या गद्याशेजारी ठेवून पाहिल्यास अधिक स्पष्ट होतो, असे दिसते.

प्रथम नमुना कसा सिद्ध होतो ते पाहणे अवश्य आहे, कारण या गद्याचा सारा ताण त्या क्रियेत साठलेला आहे. पक्षी टिपल्यावर त्याचे कातडे पिसांसकट सोलून काढावयाचे, कवटीतील मेंदू काढून टाकावयाचा, कातड्याला आतून सोमलमिश्रित साबण चोळावयाचा, पोकळीत कापूस भरावयाचा आणि पायाला एक चिठ्ठी बांधावयाची. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, नर की मादी, आणि मारणाऱ्याचे किंवा संग्राहकाचे नाव. उष्ण दमट हवेत हे काम उद्यावर टाकता येत नाही. सकाळी टिपलेला पक्षी संध्याकाळपर्यंत नासू लागतो. मुंग्यांना तेवढाही धीर नसतो. म्हणजे संग्राहकाला ताप चढलेला असला तरी पक्ष्याला त्याची वाट पाहता येत नाही. अंथरुणावर उठून बसावयाचे, थरथरत्या हातांनी कातडे सोलावयाचे, आणि पुन्हा आडवे व्हावयाचे. चिठ्ठीवर मात्र यांतले काहीच उतरत नाही. तिच्यावर ताप नसतो, थरथरणारा हात नसतो. संग्राहकाचे नाव असते, त्याचे शरीर नसते.

दख्खनच्या पठारावरील पक्ष्यांना शास्त्राच्या दप्तरात आणण्याचे पहिले मोठे काम कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी केले. मुंबई सरकारने १८२४ मध्ये त्यांची सांख्यिकी माहिती गोळा करण्यासाठी नेमणूक केली होती, आणि त्या दौऱ्यांत त्यांनी जमविलेल्या पक्ष्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे १८३२ मध्ये आली. त्या यादीतील लॅटिन नावे मराठी वाचकाला थांबवितात. एका रातव्याच्या नावापुढे त्यांनी 'महराटेन्सिस' हे विशेषण लावले. एका चंडोलाला 'देवा' म्हटले, एका लहानशा वटवट्याला 'रामा'. मोठ्या राखी सातभाईला गव्हर्नर माल्कम यांचे नाव मिळाले. त्याआधी १८३१ मध्ये रानकुत्र्याचे वर्णन करताना त्यांनी त्याच्या नावात दख्खन घातला होता. पठार, त्याचे देव आणि त्याचा राज्यकर्ता असे तिघेही एकाच नामावलीत सुखाने बसले आहेत. साइक्स यांचे गद्य मोजमापाचे आहे, आणि ते मोजमाप प्रामाणिक आहे. या देशाच्या नावांविषयी त्यांना काहीतरी आकर्षण होते हे उघड आहे. परंतु 'देवा' हे नाव त्या चंडोलाला का, हे यादी सांगत नाही. यादीने ते सांगावे अशी अपेक्षाही नाही.

साइक्स यांचे काम लंडनमध्ये वाचले जात होते त्याच वर्षी एक फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ पुण्यात आजारी पडला होता. व्हिक्तोर झाकमाँ हे त्याचे नाव. पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयाने त्याला हिंदुस्थानातील वनस्पती, खडक आणि प्राणी जमविण्यासाठी पाठविले होते. १८२९ च्या मे महिन्यात तो कलकत्त्यास उतरला. पुढे दिल्ली, हिमालय, रणजितसिंहाचा दरबार, काश्मीर असा फिरून १८३२ मध्ये दख्खनेत आला. त्याच्या मृत्यूनंतर त्याची पत्रे १८३३ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि दौऱ्याचा शास्त्रीय वृत्तांत १८३५ ते १८४४ या काळात मोठ्या खंडांत निघाला. स्तँदाल आणि मेरिमे यांच्यासारखे साहित्यिक त्याचे मित्र होते. मेरिमे याने पुढे त्याच्या पत्रांच्या एका संग्रहाला प्रस्तावनाही लिहिली. पत्रे वाचताना हा सहवास जाणवतो. तो विनोदी आहे, बढाईखोर आहे, आणि आपली बढाई आपणच उघडी पाडण्यात त्याला मौज वाटते.

या पत्रांतील सर्वांत मोठी बढाई प्रकृतीची आहे, आणि समीक्षकाने तिच्याकडे लक्ष दिलेच पाहिजे. झाकमाँपाशी पैसा थोडा होता. इंग्रज अधिकारी ज्या लवाजम्यानिशी हिंडत त्यापुढे त्याचा तळ म्हणजे फकिराचा. ही गरिबी तो पत्रांत लपवीत नाही. उलट तिचे एक शास्त्रच बनवितो. इंग्रज मांस आणि मद्य यांमुळे मरतात. आपण दूध-भात खातो, मद्य टाळतो, म्हणून हा देश आपल्याला काही करू शकत नाही, असा त्याचा सिद्धांत. वडिलांना आणि भावाला धीर द्यावा म्हणून हा सिद्धांत पुनःपुन्हा लिहिला गेला असेल. परंतु त्यात केवळ धीर देणे नाही. संग्राहकाला आपले शरीर हे एक उपकरण वाटू लागते. तापमापक, सूक्ष्मदर्शक, बंदूक आणि शरीर एकाच पेटीत ठेवावे तसे. उपकरण नीट ठेवले तर ते बिघडणार नाही, हा त्याचा विश्वास आहे. पत्रांचा सारा खेळकरपणा या विश्वासावर उभा आहे.

पुण्यात त्या विश्वासाला पहिला तडा गेला. पावसाळा संपल्यावर तो घाट उतरून साष्टीच्या रानांत हिंडला, तेथे पुन्हा आजारी पडला, आणि मुंबईस पोचला तो अंथरुणावर पडण्यासाठीच. यकृताच्या दुखण्याने तो उठू शकत नव्हता. १ डिसेंबर १८३२ रोजी त्याने भाऊ पोर्फिर याला लिहिलेले पत्र हे त्याचे अखेरचे पत्र. ७ डिसेंबर रोजी तो मुंबईत वारला, वय ३१. या पत्राची कीर्ती मोठी आहे, आणि ती सार्थ आहे, पण जी कारणे सामान्यतः दिली जातात त्यांमुळे नव्हे. मरणाच्या दारात माणूस शांत राहिला म्हणून ते पत्र थोर ठरत नाही. शांतपणे मेलेली माणसे पुष्कळ आहेत. ते थोर आहे ते त्यातल्या भाषेच्या बदलामुळे. एरवी कोटी केल्याशिवाय ज्याचे वाक्य पुरे होत नाही, तो येथे आपल्या दुखण्याचा क्रम एखाद्या नमुन्याची नोंद करावी तसा मांडतो: किती दिवस झाले, कोठे लागण झाली, आता काय होणार. आपल्या शरीरालाच तो चिठ्ठी बांधतो. आणि त्याच पत्रात, ज्याच्यासाठी ही चिठ्ठी नाही अशा माणसाला, म्हणजे भावाला, तो माया पाठवितो. दोन भाषा एकाच कागदावर आल्या आहेत आणि एकीने दुसरीला गिळलेले नाही. मुंबईत पुरलेले त्याचे अवशेष १८८१ मध्ये पॅरिसला नेण्यात आले आणि ज्या संग्रहालयाने त्याला पाठविले होते तेथेच ठेवण्यात आले. संग्राहक शेवटी संग्रहात जमा झाला, असे कोणी म्हणेल. झाकमाँने ही कोटी सोडली नसती.

आल्फ्रेड रसेल वॉलेस याचे प्रकरण वेगळे आहे, कारण तो जगला. १८५४ ते १८६२ अशी आठ वर्षे तो मलाया द्वीपसमूहात होता; सव्वा लाखाहून अधिक नमुने त्याने जमविले, त्यांत सुमारे आठ हजार पक्षी. १८६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द मलाय आर्किपेलागो' या ग्रंथात दुखणी जागोजाग आहेत. १८५७ मध्ये आरू बेटांवर कीटकांच्या दंशांचे व्रण होऊन त्याला चालता येईना. ज्या स्वर्गीय पक्ष्यांसाठी तो हजारो मैल आला होता ते रानात ओरडत होते आणि तो झोपडीत पडून होता. पुढल्या वर्षी न्यूगिनीच्या किनाऱ्यावर दोरे येथे पायाला इजा होऊन त्याला पुन्हा खिळून राहावे लागले. त्याचे नोकर आजारी पडले, आणि त्यांतला जुमात हगवणीने मेला. त्याच १८५८ मध्ये, तेर्नाते येथे मुक्काम असताना, तापाच्या थंडी-उष्णतेत त्याला नैसर्गिक निवडीची कल्पना सुचली. ती हकिकत त्याने १९०५ च्या आत्मचरित्रात विस्ताराने सांगितली आहे.

येथे एक मोह टाळला पाहिजे. ताप आला म्हणून सिद्धांत सुचला, दुःखातून प्रतिभा उमलली, अशी मांडणी आपल्याकडील समीक्षेला फार प्रिय आहे. संतचरित्रांपासून ती सवय आपल्या हाडी मुरली आहे. वॉलेसच्या बाबतीत ती टिकत नाही. तापाने त्याला विचार दिला नाही. तापाने त्याच्या हातातली बंदूक काढून घेतली. ज्याला रोज पहाटे उठून मारावयाचे, दुपारी सोलावयाचे आणि रात्री चिठ्ठ्या लिहावयाच्या, त्याला विचार करण्यास सवड नसते. आजाराने ती सक्तीने दिली. आरूमधील प्रकरणात हे फार स्पष्ट दिसते. राजस्वर्गीय पक्ष्याचा पहिला नमुना हाती आल्यावर त्याचा आनंद वाक्यावाक्यांतून ओसंडतो. परंतु तेथेच तो असेही लिहून जातो की ही शोभा युगानुयुगे येथे कोणी पाहणारे नसताना फुलत आली, आणि सुधारलेला माणूस येथे पोचला की ती नाहीशी होईल. यावरून सजीव सृष्टी माणसासाठी निर्माण झालेली नाही हे उघड होते. हे लिहिणाऱ्याच्या हातात तोच मारलेला पक्षी आहे. वॉलेस ही विसंगती मिटवीत नाही. ती त्याला दिसली नाही असे मानण्याचेही कारण नाही. त्याच्या ग्रंथाची ताकद या न मिटविण्यात आहे, आणि पुढल्या निसर्गलेखकांपैकी फार थोड्यांना ती साधली.

आणखी एक गोष्ट. वॉलेसचे पुष्कळसे पक्षी अली नावाच्या मलायी तरुणाने मारले. बाचान बेटावर ज्या नव्या स्वर्गीय पक्ष्याला पुढे वॉलेसचे नाव मिळाले तो अलीने आणून दाखविला, आणि हे वॉलेसने ग्रंथात स्वच्छ लिहिले आहे. चिठ्ठीने जे सांगितले नसते ते पुस्तकाने सांगितले. हिंदुस्थानातील बहुतेक संग्राहकांच्या लिखाणात अशा माणसाला 'शिकारी' किंवा 'कातडी सोलणारा' एवढीच ओळख मिळते. तो कोणत्या गावचा, त्याच्या अंगावर धड वस्त्र होते की नव्हते, त्याला ताप आला तेव्हा कोणी पाहिले, याचा पत्ता नाही. आजारी संग्राहकाच्या शौर्याची कथा सांगताना हे ध्यानात ठेवणे बरे. साहेब अंथरुणावर असताना संग्रह वाढत राहिला, तो कोणाच्या तरी हातांनी.

चिठ्ठी आणि लेखन यांपैकी कोण अधिक टिकते हा प्रश्नही सरळ नाही. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी हिंदुस्थानातील पक्ष्यांचा प्रचंड संग्रह केला होता. त्यावरचा ग्रंथ लिहिण्यासाठी जमविलेली हस्तलिखिते सिमल्याच्या घरातून चोरीस जाऊन रद्दीच्या भावाने विकली गेली. ह्यूम यांनी ग्रंथ सोडला आणि १८८५ मध्ये संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. कातडी राहिली, वाक्ये बाजारात गेली. पण कातड्यांवरच्या चिठ्ठ्याही खोटे बोलू शकतात. रानपिंगळा हे घुबड एकोणिसाव्या शतकात खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांनी मिळविले होते. कर्नल माइनर्ट्झहागेन यांनी त्यातला एक नमुना चोरून, पुन्हा भरून, त्यावर आपल्या नावाची, १९१४ सालची आणि गुजरातेतील एका ठिकाणाची चिठ्ठी लावली. ही चिठ्ठी बाजूला सारून खऱ्या चिठ्ठ्यांवरील ठिकाणे शोधली तेव्हा, १९९७ मध्ये, शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा पुन्हा दिसला. शतकभर त्याचे नाव केवळ पेटीत होते. वाङ्मयात 'स्थळकाळाचे तपशील काटेकोर नसले तरी चालते' असे म्हणणाऱ्यांनी ही हकिकत एकदा वाचावी.

महाराष्ट्रातच वाढलेल्या सालिम अली यांचे आत्मचरित्र 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' १९८५ मध्ये निघाले. त्यातील आरंभीची घटना सर्वश्रुत आहे: १९०८ मध्ये एअरगनने पाडलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी, मामांची चिठ्ठी, मुंबई निसर्गेतिहास मंडळाचे चिटणीस मिलर्ड, आणि त्यांनी उघडून दाखविलेले पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण. लहानपणी सततच्या डोकेदुखीने त्यांचे शाळेत लक्ष लागेना. कोरड्या हवेसाठी त्यांना सिंधमध्ये पाठविण्यात आले, आणि १९१३ मध्ये ते मॅट्रिक जेमतेम पार पडले. पुढे हैदराबाद, त्रावणकोर-कोचीन, म्हैसूर या संस्थानांतील पाहण्यांत त्यांनी पद्धतशीर नमुने जमविले. संग्रहासाठी पक्षी मारणे ही शास्त्राची गरज आहे असे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी कधी झाकले नाही. या आत्मचरित्राचे गद्य कोरड्या विनोदाचे आहे; लेखक स्वतःची गंमत करून मोकळा होतो आणि भावनेपाशी फार वेळ थांबत नाही. वाचकाला कधी कधी वाटते की येथे आणखी थोडे थांबावयास हवे होते. शीर्षकातील सूचना हॅम्लेटकडे, आणि त्याच्याही मागे बायबलकडे जाते: चिमणीचे पडणेही नोंदीवाचून राहत नाही. एका शिकारी मुलाने पाडलेली चिमणी आणि दैवाच्या दप्तरात नोंदलेली चिमणी यांना एकत्र आणणारे हे शीर्षक पुस्तकातील सर्वांत काव्यमय जागा आहे. आणि ती त्यांनी मुखपृष्ठावरच खर्चून टाकली.

आता माणदेशाकडे वळावयाचे. व्यंकटेश माडगूळकर यांचा जन्म १९२७ मध्ये माडगुळे येथे झाला. त्या काळी हा प्रदेश औंध संस्थानात होता. आता सांगली जिल्ह्यात आटपाडी तालुका. माणगंगेच्या काठचा हा मुलूख कमी पावसाचा. येथे दाट झाडी नाही. माळ, खडक, बोरी-बाभळी. साइक्स यांनी ज्या पक्ष्यांना नावे दिली ते चंडोल, लावे, रातवे अशाच उघड्या रानाचे रहिवासी. आश्चर्य असे की निसर्गलेखक म्हणून माडगूळकरांचा विचार करताना समीक्षा सहसा त्यांच्या उत्तरायुष्यातील अरण्यविषयक पुस्तकांपासून, म्हणजे 'नागझिरा' (१९७९) पासून, आरंभ करते. 'माणदेशी माणसे' (१९४९) आणि 'बनगरवाडी' (१९५५) ही ग्रामीण साहित्याच्या खणात ठेवली जातात, अरण्यलेखन छंदाच्या खणात, आणि दोन्ही खणांवर स्वतंत्र चिठ्ठ्या लागतात. ही विभागणी सोयीची आहे, परंतु तिने लेखकाचे दोन तुकडे होतात.

खरे पाहता या लेखकाची दृष्टी आरंभापासून क्षेत्रात हिंडणाऱ्या निरीक्षकाची आहे. त्यांना चित्रकार व्हावयाचे होते. रेखाटनाचा हात शेवटपर्यंत राहिला. तारुण्यात ते बंदूक घेऊन रानोमाळ हिंडले, आणि पुढे शिकार सोडून पाहणे पत्करले. 'बनगरवाडी'तील तरुण मास्तर मेंढपाळांच्या वाडीत पायी येतो तो एखाद्या अनोळखी रानात शिरावे तसा. कोण कोणाशी कसा वागतो, मेंढरे केव्हा निघतात, कोणाचा आवाज कोठून येतो, हे तो आधी पाहतो; मत देण्याची त्याला घाई नाही. कादंबरीची वाक्ये आखूड आहेत आणि त्यांत विशेषणे मोजकी आहेत. स्थळ, वेळ, प्रकाश, हालचाल, मग माणूस: हा क्रम चिठ्ठीचा आहे. संग्राहकाच्या गद्यातील जे सर्वोत्तम, म्हणजे तपशिलाची निष्ठा, ते येथे आले आहे. मारणे तेवढे आलेले नाही.

'माणदेशी माणसे' या पुस्तकाच्या नावातच एक धोका होता. माणदेशी माणसांचे नमुने शहरी वाचकापुढे मांडण्याचा धोका. नंतरच्या ग्रामीण कथेत हा धोका पुष्कळ ठिकाणी खरा झाला: गावातला बेरकी, गावातला भोळा, गावातला तमासगीर, अशी कापूस भरलेली माणसे मासिकांच्या पानांवर रांगेने निजविली गेली. वाचक हसला आणि पान उलटले. माडगूळकरांचा धर्मा रामोशी असा निजत नाही. रामोशी म्हणजे गावाची राखण करणारी, माग काढण्यात निष्णात जमात. झाकमाँ किंवा साइक्स यांच्या तळावर असा एखादा म्हातारा असता तर तो 'शिकारी' या एका शब्दात संपला असता. येथे तो संपत नाही, कारण लेखकाने त्याला कशाचाही प्रतिनिधी केलेले नाही. त्याची उपासमार रामोश्यांची उपासमार म्हणून येत नाही. ती धर्माची आहे, त्याच्या घरातली आहे, आणि म्हणूनच ती मनातून जात नाही. झेल्याच्या चित्रातही हेच आहे: शाळकरी पोराच्या वागण्यातला चमत्कारिकपणा लेखक टिपतो, पण त्यावर वाचकाला डोळे मिचकावू देत नाही. 'नमुना' शब्दाच्या दोन्ही अर्थांतून ही माणसे निसटली आहेत.

आजाराचा प्रश्न येथे वेगळे रूप घेतो. झाकमाँचा ताप हा पाहुण्याचा ताप आहे. तो देशाने परक्याला दिलेला दंड आहे आणि त्यातून सुटण्याचा मार्ग जहाजाने जातो, मग ते जहाज वेळेवर येवो वा न येवो. माणदेशातील दुखणे दुष्काळाचे. ते रहिवाशाचे आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे, आणि त्यावर मात करून कोणी कीर्ती मिळवीत नाही. 'बनगरवाडी'च्या अखेरीस पाऊस फिरतो, मेंढरे मरू लागतात, आणि वाडी उठून जाते. ज्याचे निरीक्षण चालले होते तेच निघून गेले; मास्तराच्या हाती काहीच उरत नाही. संग्राहकाच्या ग्रंथाचा शेवट पेट्या भरून होतो, या कादंबरीचा शेवट वाडी रिकामी होऊन. पाहिलेल्याची किंमत पाहणाऱ्याने किती मोजली यापेक्षा पाहिले गेलेल्यांनी किती मोजली, याकडे मराठी गद्याचे लक्ष या कादंबरीने वळविले.

येवढे म्हटल्यावर एक आक्षेप घेणे न्यायाचे ठरेल. न मारता पाहणाऱ्या लेखकाची नैतिक उंची आपण सहज मान्य करतो. पण त्याला दिसलेल्या पक्ष्याचे नाव त्याला कोठून कळते? सालिम अली यांचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' १९४१ मध्ये निघाले, आणि नंतरच्या कित्येक पिढ्यांनी त्याच्या चित्रांवरून पक्षी ओळखले. त्या ओळखीच्या मागे खणांत निजलेली हजारो कातडी आहेत. दुर्बीण घेऊन हिंडणाऱ्याचे अहिंसक डोळे त्याआधीच्या बंदुकीचे ऋणी आहेत. मराठी निसर्गलेखनात हे ऋण फारसे कोणी बोलून दाखविलेले नाही. वॉलेसच्या हातातील मेलेला पक्षी आणि त्याच्या तोंडचे विलापाचे वाक्य यांतली विसंगती आपल्या लेखकांनी सोडविलेली नाही. त्यांना ती वारशात, धुऊन-पुसून मिळाली. मारुती चितमपल्ली यांनी वेगळी वाट काढली. सोलापुरात जन्मलेल्या, वनखात्यात आयुष्य घालविलेल्या आणि २०२५ मध्ये निवर्तलेल्या या लेखकाने कातड्यांऐवजी शब्द जमविले; त्यांचा पक्षिकोश हा नावांचा संग्रह आहे. साइक्स यांनी चंडोलाला 'देवा' म्हटले तेव्हा त्या चंडोलाला रानातली माणसे काय म्हणत होती, हा प्रश्न असा कोशच विचारू शकतो. कोशालाही संग्राहकाचा दोष चिकटतो, शब्द बोलणाऱ्याच्या तोंडातून निघून पानावर पडतो. परंतु शब्द देणारा माणूस दुसऱ्या दिवशीही तो शब्द बोलत राहतो, हा फरक लहान नाही.

'सत्तांतर' (१९८२) या माडगूळकरांच्या कादंबरीला हा आक्षेप सर्वांत जवळून भिडतो. वानरांच्या टोळीतील सत्ता, नव्या नराने केलेला जुन्याचा पराभव, पिलांचा संहार: हे विषय शास्त्रज्ञांनी हिंदुस्थानातच, धारवाड आणि अबू येथील वानरांवर केलेल्या दीर्घ निरीक्षणांतून पुढे आले होते. कादंबरीकाराने ते ज्ञान स्वीकारले आणि त्याला गोष्टीचा आकार दिला. वानरांना नावे दिली की ते माणसांसारखे होतात, आणि सत्तेची गोष्ट सांगितली की वाचक लगेच दिल्लीचे किंवा मुंबईचे राजकारण त्यात वाचू लागतो. शीर्षक त्याला तसे वाचण्यास उत्तेजनही देते. तसे झाले की वानर पुन्हा नमुना होतो, फक्त या वेळी माणसांचा. कादंबरी या धोक्यापासून सर्वस्वी मुक्त आहे असे म्हणता येणार नाही. काही ठिकाणी रूपक वानरांच्या पाठीवर बसलेले दिसते. परंतु जेथे लेखक फांदी, पाणवठा, ऊन, आणि आईच्या पोटाला चिकटलेले पिलू यांपाशी थांबतो, तेथे रूपक गळून पडते. तेथे वानर केवळ वानर आहे, अमुक रानातले, अमुक वेळचे. १९८३ मध्ये या कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तिच्याविषयी झालेली बरीचशी चर्चा मात्र राजकीय रूपकाभोवतीच फिरत राहिली. ज्या पानांत रूपक नाही ती पाने अजून वाचावयाची आहेत.